हात लावायचा नाही

टाइल्सवर तांदूळ पडल्याचा आवाज एवढा मोठा असतो, हे मला माहीत नव्हतं. आमच्या मार्टमध्ये दिवसभर गाणी वाजतात, वरून एसीची घरघर, काउंटरची टिकटिक, लेकरांची रडारड. त्या सगळ्यातून तो आवाज सरळ माझ्या कानात शिरला. आधी मूठभर सांडले, मग थांबले, मग त्या पोरीच्या पदराची गाठ पुरती सुटली अन् सगळंच खाली आलं. तांदूळ, खारका, हळकुंड, सुपारी, हिरवं ब्लाऊज पीस, नारळ. नारळ गडगडत जाऊन दारातल्या पांढऱ्या खांबाला टेकला. बिल न केलेला माल गेला की तो खांब बोंबलतो म्हणतात. तेव्हा काही बोंबलला नाही. पोरगी पोटावर दोन्ही हात धरून उभी होती, सातवा तरी असेल. अन् तिची माय कपाळावर हात मारून ओरडत होती, "ओटी होती व ते! सांगून राह्यली न मी तुले, ओटी हाये म्हनून!" सांगत होती, खरं आहे. अन् मी काही ओटी न समजणारी बाई नाही. मुसलमानाची असली तरी जन्म चांद्यातला, किल्ल्याच्या आतला. तिनं ओटी म्हटल्याबरोबर मला समजलं होतं. पण तोपर्यंत ‘पदर दाखवा’ हे शब्द माझ्या तोंडातून निघून गेले होते, अन् माझ्या पाठीमागं आमचे मॅनेजर वैरागडे साहेब उभे होते.

मी खुर्शीद. बाहेर जायच्या दारावर उभी राहते. निळी पँट, निळा शर्ट, छातीवर नावाची पाटी, टोपीखाली स्कार्फ. बायांच्या पिशव्या पाहायला बाई पाहिजे म्हणून मला ठेवलं. माणसांच्या सुकलूभाऊ पाहतो. पहिल्याच दिवशी एजन्सीच्या साहेबानं आम्हाला ओळीत उभं करून सांगितलं होतं, कस्टमरला हात लावायचा नाही. अडवायचं नाही, मागं पळायचं नाही, चोर हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ‘मॅडम, प्लीज बिल दाखवता का’ एवढं म्हणायचं अन् हसायचं. मी विचारलं, अन् नाही दाखवलं तर? तो म्हणाला, तर पुन्हा हसायचं. मला वाटलं गंमत करून राहिला. कशाची गंमत! तीन वर्षं झाली, मी हसून राहिली अन् लोक नेऊन राहिले. सफारीतले एक रिटायर साहेब रोज संध्याकाळी फिरायला आल्यासारखे येतात, काजूच्या पेटीजवळ उभे राहून मोबाईलवर बोलतात अन् बोलता बोलता मूठ मूठ खातात; पोटातल्या काजूचं बिल कसं मागू? एक जण आपली तुटकी चप्पल रॅकवर नीट जोडून ठेवून नवी घालून गेला. मी पाहिलं, मी म्हटलं ‘दादा, बिल?’ तर म्हणाला, काही घेतलंच नाही तर बिल कशाचं, अन् दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले. हात रिकामेच होते. पायाकडं बोट दाखवणं म्हणजे चोर म्हणणं झालं. मी हसली. ती तुटकी चप्पल मग आम्ही फेकली. महिन्याच्या शेवटी माल मोजतात, माल कमी निघतो, अन् सगळे आमच्याकडं पाहतात. सिक्युरिटी काय करून राहिली? सिक्युरिटी हसून राहिली, बापा! अजून काय करणार?

राग कुणावर काढायचा हेच समजत नाही. नेणाऱ्यावर काढावा तर तो गेलेला असतो. घरी जाऊन मुबीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला सांगावं, तर तो ऊर्जानगरहून वेल्डिंग करून आलेला, डोळे लाल; तो म्हणतो, तेरे बाप की दुकान है क्या, जाने दे. तसं नाही ना होत. दारावर उभ्या माणसाच्या समोरून कुणी काही नेलं, तर ते त्याच्याच अंगावरून गेल्यासारखं वाटतं. माझी अम्मी बांगड्या भरायची. महाकालीच्या जत्रेत चैत महिनाभर तिचं बसणं मंदिराच्या वाटेवर, अन् बाकी वर्षभर टोपली घेऊन घरोघर. ती चांद्याच्या अर्ध्या बायांना तोंडावरून ओळखत नसेल, हातावरून ओळखायची. हात धरायची, अंगठ्याखालचं हाड दाबायची, म्हणायची, "ढिल्ला सोड व माय, माह्या हाती देऊन टाक." अन् बाया द्यायच्या. मोठ्या घरच्या, ज्यांच्या ओसरीवर आम्ही चढत नव्हतो त्याही, हात देऊन टाकायच्या अन् दुसरीकडं पाहत गप्पा मारायच्या. बांगड्या भरून झाल्या की अम्मीच्या पदरात पसाभर तांदूळ अन् सुपारी टाकायच्या. माझं लहानपण त्या तांदळावर गेलं, घरोघरचा वेगवेगळा तांदूळ एकत्र शिजायचा, काही शितं मऊ, काही कच्ची. तिचं अख्खं आयुष्य लोकांचे हात धरण्यात गेलं, अन् तिच्या पोरीला नोकरी लागली ती हात लावायचा नाही या अटीवर. उभ्या उभ्या हाच विचार डोक्यात यायचा. पाय दुखायला लागले की जास्तच यायचा.

वैरागडे साहेब वाईट माणूस नाही. हे मी त्याच्या तोंडावर म्हणणार नाही, पण नाही. वरचे त्याला दाबतात, तो आम्हाला दाबतो. पण होळीनंतर तुपाचे डबे गेले, तेव्हा त्यानं मला केबिनमध्ये बोलावून स्क्रीन दाखवली. काळ्या बुरख्यातली एक बाई तुपाच्या रॅकजवळ. डबा घेताना दिसत नव्हती, नुसती उभी होती. तो म्हणाला, "खुर्शीदबाई, मी काही म्हणत नाई. पण वरचे लोक विचारते न, का तुमच्या वाल्यायले तुम्ही कडक पाहता का नाई म्हणून." मी म्हटलं, "साहेब, एप्रिलच्या उन्हात अख्खा चांदा तोंड बांधून फिरते. गाडीवरच्या सगळ्या पोरी डोळेच तेवढे उघडे ठेवून येते अन् तशाच आत शिरते. त्याईचे कोण?" तो म्हणाला, "म्हणूनच म्हटलं, मी काही म्हणत नाई." काही म्हणत नाही म्हणणारा माणूस सगळंच म्हणून जातो. त्या दिवसापासून बुरख्यातली बाई आली की माझा जीव वरखाली व्हायचा. तिची पिशवी जास्त पाहावी की कमी, जास्त पाहिली तर तिच्या डोळ्यांत दिसायचं, तू भी? कमी पाहिली तर पाठीवर साहेबाची नजर. एकदा तर माझ्या मावसबहिणीची, शहजादीची, पिशवी मी तळापर्यंत उलटी केली. ती अजून माझ्याशी बोलत नाही. माझ्याजवळ दुसरं काय होतं? शिक्षण दहावीपर्यंतचं, तेही नगरपालिकेच्या मराठी शाळेत. पण खुर्शीद सरळ बाई आहे, कानाडोळा करत नाही, कुणाचं घेत नाही अन् कुणाचं झाकत नाही, एवढं नाव होतं. माझी पोरगी महेक मैत्रिणींना सांगायची, माझी अम्मी दारावर असली की कुणाची हिंमत नाही. तेवढ्यासाठी मी उभी राहायची. ते नावच साहेबानं बोटानं टोकरून पाहिलं होतं, अन् मला ते सिद्ध करून दाखवायचं होतं. कधीतरी एक धरीन, मग तोंडं बंद होतील, असं मनात घोकत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या दुपारी गर्दी कमी होती. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला लागत होतं. खेड्यावरच्या दोन बाया गारव्यालाही थोड्या थांबल्या असतील, नुसत्या फिरत होत्या, हे उचल, ते पाहा, परत ठेव. पोरगी पुढं, माय मागं. लेकराच्या सामानाच्या रॅकपाशी कॅमेऱ्यासमोर सेलचा फलक टांगलेला आहे. मी दोनदा सांगितलं होतं, फलक काढा म्हणून. पण कोपऱ्यात एक गोल आरसा आहे, त्यात मला दारावरून दिसतं, वाकडंतिकडं पण दिसतं. पोरीचा हात रॅककडं गेला. मग पदरात गेला. मग पोटावरून फिरला, जसा गरवार बाईचा फिरतो. वस्तू मी पाहिली नाही, हात पाहिला. पदर पुढं चांगला फुगलेला, कमरेला खोचलेला. तेवढ्यात वैरागडे साहेब माझ्या मागं येऊन उभे, त्यांनीही आरशात पाहिलं असावं. "पाह्यलं न?" ते हळूच म्हणाले. "अख्खं दुकान भरलं तिनं पदरात. आता काय करता, बोला?" त्यांनी ‘आता’ म्हटलं अन् मला ‘ही तर तुमची नाही ना’ असं ऐकू आलं. कदाचित ते तसं म्हणाले नसतील. पोरीनं काउंटरवर एका साबणाचं बिल केलं, मायलेकी दारावर आल्या अन् मी हसून म्हटलं, "बाई, बिल." बिल दाखवलं. तिथंच संपायला पाहिजे होतं. पण मी म्हटलं, "पदर दाखवा जरा." माय म्हणाली, "काऊन व? ओटी हाये ते. मोठ्या जावेनं भरली पोरीची." मी हात लावला नाही. देवाची शपथ, अल्लाची शपथ, माझे दोन्ही हात मागं बांधलेले होते. मी फक्त तिथंच उभी राहिली, बाजूला झाली नाही. पोरगी घाबरली, पदर सावरायला गेली अन् गाठ सुटली.

मग मी खाली बसली. कुणी सांगितलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी तांदूळ गोळा करायला लागली अन् वरून मायचं तोंड सुरू होतं. तिचं नाव भागीरथा, हे तीच ओरडून सांगत होती, सिंदेवाहीकडची भागीरथाबाई, कोणाच्या काडीले हात नाई लावला जल्मात. "तुमच्या त्या टोकनवाल्यानं पिशवी जमा कराले लावली. ओटी का परक्याच्या हाती देते का कोनी? घरी देवापुढं नेईपर्यंत खाली ठेवत नाईत तिले. म्हनून पोरीच्या पदरात बांधली म्या, नाई तं कोन असं मिरवते?" बरोबर होतं तिचं. पिशवी जमा करायचा नियम आमचा, पदर फुगला म्हणून संशय आमचाच. तांदूळ टाइल्सच्या फटींत गेले होते, ते बोटांनी खरवडत होती मी, अन् बोटाला पुठ्ठा लागला. तळहाताएवढा. त्याला टाचलेल्या लेकराच्या मनगट्या, काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या, अन् मागं आमच्या मार्टचं लेबल. त्याला तो खांब बोंबलवणारं बिल्लं नसतं, तेवढी त्याची किंमतच नाही. मी मूठ मिटली. वर पाहिलं. माय साहेबाकडं हातवारे करत होती, तिला ठाऊक नव्हतं, तिचा राग शंभर नंबरी खरा होता. पोरगी मात्र माझ्याच मुठीकडं पाहत होती. तोंडावर घाम, ओठ पांढरे. ती डोळ्यांनी काही मागत नव्हती, नुसती पाहत होती. तिच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, नव्या, ओटीच्या वेळी भरलेल्या. घट्ट झाल्या होत्या, हात सुजलेले. कुणी भरल्या असतील त्या, हाड न दाबताच भरल्या, असं माझ्या मनात आलं. अशा वेळी माणसाच्या मनात काहीही येतं.

मी धरली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा, मुद्देमालासकट, साहेबासमोर. उभं राहून मूठ उघडायची, बस्स. अन् मी काय केलं? तांदळाच्या ओंजळीखाली ती मूठ घातली, उठली, अन् पोरीच्या पसरलेल्या पदरात सगळं टाकून दिलं. मग नारळ आणला. मग ब्लाऊज पीस झटकून घडी करून वर ठेवलं. पदराचं टोक मीच कमरेला खोचलं, घट्ट, माझ्या हातानं. तिचं पोट माझ्या मनगटाला लागलं, गरम होतं. काऊन केलं? मी तेव्हापासून हाच प्रश्न उलटापालटा करून राहिली. दया आली म्हणावं तर दया मला त्या क्षणी आलीच नव्हती, चीड आली होती, एवढ्याशा मण्यांसाठी माझा जीव टांगणीला लावला म्हणून तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली होती. अम्मी आठवली का? नव्या जिवाचे पहिले काळे मणी अम्मी विकायची नाही, बाळंतिणीच्या घरी नुसती देऊन यायची, म्हणायची, इसका पैसा नै लेते. पण हे मला नंतर आठवलं, रात्रीचे तांदूळ निवडताना. मग भ्यायली का? हेच असेल. कारण मूठ उघडली असती तर पहिला प्रश्न काय आला असता? ओटीत ते आलं कुठून? खाली बसून, हातानं तांदूळ कुणी चाळले? हात कुणाचा होता? भोवती माणसं जमली होती, मोबाईल वर झाले होते, अन् तेवढ्यात गर्दीतून एकानं माझ्या छातीवरची पाटी वाचली. मोठ्यानं वाचली. खु-र्शी-द. दुसरा म्हणाला, "ओटीले हात लावते, बापा." मग दोघं-तिघं एकदम बोलायला लागले. पण बोलणं सुरू व्हायच्या आधी मी मूठ पदरात रिकामी केली होती, की नंतर? हे मला काही केल्या आठवत नाही. आधी केली असेल तर मी भली बाई आहे, नंतर केली असेल तर भित्री. अन् हे मला आता कुणीच सांगू शकत नाही.

वैरागडे साहेबानं हात जोडले. सगळ्यांना जोडले, गर्दीला, मोबाईलला, भागीरथाबाईला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "माफी मागा." मी म्हटलं, "माफ करा बाई, चुकी झाली." भागीरथाबाईनं डोळ्याला पदर लावला. "मले नोको मागू माफी. सातव्या महिन्याची ओटी सांडवली तू. तिच्या पोटातल्या लेकराले माग." मी त्या पोटाकडं पाहिलं. त्या पोटाच्या पुढं, ब्लाऊज पीसच्या खाली, तांदळात मनगट्या होत्या अन् ते मला ठाऊक होतं, पोरीला ठाऊक होतं. मी म्हटलं, "माफ कर, बाळा." पोरीनं तोंड फिरवलं. ‘राहू द्या न माय’ एवढं म्हटलं असतं तरी मला पुरलं असतं. माय तिला दंडाला धरून म्हणाली, "चाल ज्योत्स्ना, या लोकायच्या दुकानात पाय नाई ठेवाचा आता." अन् दोघी उन्हात गेल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं चोराला ओटी भरून पाठवलं अन् फाशी मी माझ्याच गळ्यात घातली. राग राग आला मला. पोरीचा, मायचा, साहेबाचा, त्या पाटी वाचणाऱ्याचा. सगळ्यात जास्त माझा आला, कारण बाकीचे सगळे आपापलं काम नीट करत होते.

घरी पोचली तर क्लिप माझ्या आधी पोचली होती. महेक ओट्यापाशी उभी, हातात मोबाईल, तोंड उतरलेलं. तिच्या कॉलेजच्या ग्रुपवर आली होती. क्लिपमध्ये मी हात जोडून उभी, आवाज स्पष्ट, माफ कर, बाळा. "अम्मी," ती म्हणाली, "तूने सच में गलत पकडा?" मी चपला काढल्या. पाणी प्यायली. ती वाट पाहत होती, अन् मला समजलं की तिला फक्त ‘नाही’ एवढंच ऐकायचं आहे, मग ती ग्रुपवर जाऊन भांडणार, माझी अम्मी चुकत नाही म्हणून सगळ्यांशी भांडणार. अशी आहे ती. तिला खरं सांगितलं तर ती ते पोटात ठेवणार नाही. मग ती पोरगी सापडणार, तिचं गाव सापडणार, सासर सापडणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी म्हटलं, "हौ. गलत पकडा." महेकनं मोबाईल उलटा करून ठेवला अन् कांदा कापायला बसली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, मान दिसत होती. तिला वाटलं असेल, आपली अम्मी डोळ्यानं कमजोर झाली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं बरोबर पकडलं होतं ग, बरोबर पकडलं होतं. मी तांदूळ निवडायला घेतले.

दुसऱ्या दिवशी वैरागडे साहेबानं मला कॅमेऱ्याच्या खोलीत बोलावलं. मला वाटलं कालच्यावरून बोलणार, बोलून मोकळा होणार. त्यानं खुर्ची दिली नाही. स्क्रीनवर दार होतं, वरून. दारावरचा तो कॅमेरा नवा आहे, काउंटरवर अन् आमच्यावर नजर ठेवायला लावलेला, त्याच्यासमोर कुठलाच फलक नाही. लेकराच्या रॅकपाशी काय झालं ते त्याला दिसलं नव्हतं. तुपाचं दिसलं नव्हतं, चपलेचं दिसलं नव्हतं. पण माझा हात दिसला होता, बापा, कसा स्वच्छ दिसला होता! टाइल्सवर पांढरे तांदूळ, त्यात माझी बोटं, बोटांत पुठ्ठा, पुठ्ठ्याचा लाल काठ. मूठ मिटली. मान वर झाली. मग मूठ तांदळाखाली गेली अन् पदरात गेली. साहेबानं ते मागं नेलं, पुन्हा चालवलं, पुन्हा मागं नेलं. मी मन लावून पाहत होती. मला एकच पाहायचं होतं, मूठ आधी रिकामी होते की गर्दीचं बोलणं आधी सुरू होतं. पण त्या कॅमेऱ्याला आवाज नाही. माणसांची तोंडं दिसत नव्हती, टाळू दिसत होत्या. मी म्हटलं, "साहेब, परत एकदा लावा." त्याला वाटलं मी चेष्टा करून राहिली.

"काल बोलल्या असत्या तर मले साऱ्या गावापुढं हात जोडाची पाळी आली नसती," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, थकलेला होता. "आज सकाळी वरचा फोन होता. का सांगू त्याईले? का आमचीच गार्ड चोराले माल बांधून देते म्हणून? काऊन सोडलं, खुर्शीदबाई? तुमची होती काय कोणी?"

"माझी नव्हती साहेब," मी म्हटलं. "तुमची होती."

मला वाटलं होतं हे बोलून बरं वाटेल, होळीपासून घशात अडकलेलं निघून जाईल. काही बरं वाटलं नाही. तो बिचारा खाली पाहून कागद इकडचे तिकडं करायला लागला. मग म्हणाला, "एजन्सीले कळवलं मी. उद्यापासून येऊ नका. नवीन बाई पाठवू म्हणते ते, पाहू कधी पाठवते तं." मी टोपी काढून टेबलावर ठेवली, शिट्टी ठेवली, छातीवरची पाटी काढली. पाटीची पिन बोटात गेली. काल सकाळपर्यंत मी चोर न धरणारी होती, दुपारी सोवळ्याला शिवणारी झाली, आज चोरीत सामील झाली. अन् मी एकच गोष्ट केली होती, ती कोणती हेही मला नक्की माहीत नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. स्टाफच्या खोलीतून माझी बॅग घेतली. डबा उघडलाही नव्हता.

बाहेर जायच्या दारावर सुकलूभाऊ उभा होता, माझ्या जागेवर. स्टाफची बॅग जाताना तपासायची हा नियम आहे, कुणालाच सूट नाही. माणसांची तो तपासतो, बायांची मी. माझी स्वतःची राहायची, तर तो उगीच लांबून नजर टाकून ‘चला बाई’ म्हणायचा. आज त्यानं नजरही टाकली नाही, बाहेर पार्किंगकडं पाहत म्हणाला, "जा बाई." त्याला कळलेलं होतं. सगळ्यांनाच कळलेलं होतं, काउंटरच्या पोरींची बोटं थांबली होती. मी बॅग उघडली अन् त्याच्यासमोर धरली. "पाह्य भाऊ."

"राहू द्या न बाई. तुमचं का पाह्याचं?"

"पाह्य म्हणते न. वरून नोको, हात घालून पाह्य. तळापर्यंत."

तो घाबरला. वर छताकडं पाहिलं, दारावरच्या त्या कॅमेऱ्याकडं. माझ्या मागं एक जोडपं ट्रॉली घेऊन येऊन थांबलं होतं, त्यांच्या मागं अजून कुणीतरी. "बाईच्या बॅगेत मले हात लावता येत नाई," सुकलूभाऊ हळूच म्हणाला. "नियम हाये न. त्याले बाई पाहिजे."

"मग बोलाव बाईले," मी म्हटलं.

मागची बाई म्हणाली, अहो, जरा बाजूला होता का. मी झाली नाही. बॅग तशीच उघडी धरून दारात उभी राहिली.